शाळा चालत किती मिनिटांवर?

घर-शाळा : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. माझं माहेर निपाणीजवळचं, सासर बेळगावातल्या शहापूरचं. बारा वर्षं पुण्यात काढली. आता यांना उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी मिळाली आहे, म्हणून मेमध्ये आम्ही बेळगावला येतोय. मुलगी चौथीत जाईल, मुलाला ऑगस्टमध्ये सहा पूर्ण होतील. घर कुठं घ्यायचं यावरून रोज बोलणं होतं आणि रोज अर्धवट राहतं. सासरे म्हणतात, सीमाभाग आहे, आपल्या माणसांतच राहा, शहापूर-वडगाव सोडू नका. यांना खानापूर रोडला पुढं, नव्या लेआउटमध्ये कुंपण आणि वॉचमन असलेलं घर हवंय. शाळेची बस दारात येते म्हणे. मला टिळकवाडी बरी वाटते, पण तिथं भाडं जास्त आहे. मुलगी बुजरी आहे आणि तिला कन्नडचं एक अक्षर येत नाही. भाषेच्या वादात मुलं भरडली जाऊ नयेत, चार तऱ्हेच्या लोकांत ती वाढावीत आणि शाळाही चांगली मिळावी. असा सुरक्षित भाग कोणता?
– एक आई, पुणे

उत्तर : आधी धाकट्याचं बघू, कारण त्यात उशीर झाला तर गोंधळ होईल. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण झालेली चालतात. कर्नाटकात १ जूनला सहा पूर्ण असावी लागतात. २०२५-२६ ला सरकारनं पाच वर्षं पाच महिन्यांपर्यंत सवलत दिली होती, पण ती त्या वर्षापुरती होती. म्हणजे तुमचा ऑगस्टचा मुलगा पुण्यात यंदा पहिलीत बसला असता, तो इथं आणखी एक वर्ष यूकेजीत बसेल. याचं वाईट वाटून घेऊ नका. नव्या गावात आलेल्या मुलाला परीक्षेशिवाय एक वर्ष कन्नड कानावर पडतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पहिलीला उशिरा आलेलं मूल मागं पडलेलं मी शिकवण्याच्या चौतीस वर्षांत पाहिलं नाही. लवकर ढकललेली मात्र पुष्कळ पाहिली.

आता घराचं. सासऱ्यांची काळजी मला पोरकट वाटत नाही. मी शहापुरातच राहिले आहे. कोरे गल्लीच्या मागच्या अंगाला आमचं भाड्याचं घर होतं. एका भिंतीपलीकडं माग चालायचा, दुसऱ्या भिंतीला कन्नड बोलणारं लिंगायत कुटुंब होतं, आणि कोपऱ्यावर शिवणकाम करणारे चाचा. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं. बेळगावजवळ हिंडलग्याला गोळीबार झाला, माणसं गेली; १ जूनला तिथल्या स्मारकाशी आजही लोक जमतात. त्या दिवसांत एका सकाळी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला शाळेत होते आणि माझा चार वर्षांचा मुलगा शेजारी खेळत होता. अकराच्या सुमाराला दुकानं पटापट बंद झाली, रिक्षा दिसेनाशा झाल्या. यांचा पत्ता नाही, फोन नाही. मी आडवाटेनं, शेताच्या कडेनं चालत घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारच्या अक्कांनी पोराला ज्वारीची रोटी आणि दूध भरवून आपल्या मालकांच्या जुन्या धोतरावर निजवलं होतं. चाचा गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले होते, मी दिसल्यावर उठून आत गेले. त्या वेळी माझ्या मराठी शाळेचं पुढं काय होणार ही धास्ती मला होती, आणि ती खरी होती. अक्कांचे भाऊ कन्नड संघटनेत होते, हेही खरं होतं. पण माझ्या मुलाच्या जेवणाच्या वेळेशी या दोन्हींचा संबंध कुणी लावला नाही.

म्हणून ‘आपली माणसं’ हा शब्द मी सासऱ्यांच्याच तोंडचा ठेवते, फक्त तो गल्लीला लावून बघा, जातीला किंवा भाषेला नको. मुलाला नावानं ओळखणारी, तो वेळेवर दिसला नाही तर विचारणारी पाच घरं ज्या गल्लीत आहेत, ती सुरक्षित. अशी गल्ली तुम्हाला शहापुरात मिळेल, वडगावात मिळेल, तशीच कन्नड वस्तीच्या महांतेशनगरातही मिळेल. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडं. तेव्हापासून या पेठेत विणकर, सराफ, व्यापारी अशी अनेक भाषांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मंगाईची जत्रा आली की वडगावात कुणाचं घर मराठी आणि कुणाचं कन्नड हे पाहुण्यांच्या गर्दीत कळत नाही.

शहापूर-वडगावच्या अडचणीही सांगते, म्हणजे मी पक्षपात केला असं होणार नाही. रस्ते अरुंद आहेत आणि दुचाकी भरधाव येतात. काही गल्ल्यांत यंत्रमागाचा आवाज दिवसभर असतो. अभ्यासाला बसणाऱ्या मुलाला सवय व्हायला महिना लागतो, काहींना होतच नाही. आणि बळ्ळारी नाल्याकडच्या, येळ्ळूर रोडकडच्या सखल भागात घर बघत असाल तर थांबा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तिकडच्या बऱ्याच वस्त्यांत पाणी शिरलं होतं. घरमालकाला विचारू नका, तो नाहीच म्हणणार. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, ‘एकोणीसला पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

नव्या लेआउटबद्दल तुमच्या यांना माझं एकच सांगणं आहे : कुंपणानं चोर अडतो, पण पोरालाही अडवतो. एका ओळखीच्या कुटुंबाची नात अशा घरात राहते. सकाळी साडेसातला बस, संध्याकाळी साडेचारला बस, मधे शाळा. उतरल्यावर वॉचमनला सलाम आणि घर. आठ वर्षांची होईपर्यंत तिनं एकटीनं दुकानात जाऊन दुधाची पिशवी आणलेली नव्हती. तिच्या आजीनं रडत रडत मला हे सांगितलं. पिरनवाडी, मच्छेकडची मोकळी हवा मलाही आवडते, उद्यमबाग तिथून जवळ पडेल हेही कबूल. पण खानापूर रोडला अवजड वाहनं असतात. मुलगी पाचवी-सहावीत सायकल मागेल तेव्हा तिला त्या रस्त्यावर सोडणार का? तरी घ्यायचंच ठरलं, तर ‘बुडा’ची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी आणि ई-खाता हा मालमत्तेचा उतारा बघाच, पण मंजूर नकाशाची प्रतही मागा. नकाशात बागेसाठी आणि सार्वजनिक सोयींसाठी राखीव जागा दाखवलेल्या असतात. त्या जागेवर जाऊन उभ्या राहा. तिथं झोपाळा आहे, की काँग्रेस गवत, की कुणाची तरी विटांची रास, हे डोळ्यांनी बघा. आणि ‘पाणी किती दिवसांनी येतं?’ हा बेळगावचा पहिला प्रश्न विसरू नका. राकसकोप जलाशयाचं पाणी सगळ्या भागांना सारखं मिळत नाही.

टिळकवाडी तुम्हाला का बरी वाटते ते मला कळतं. झाडं आहेत, व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या झाडीची सावली आहे, लेले मैदान आहे, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९२४ चं काँग्रेस अधिवेशन जिथं झालं ती वीरसौधची जागा आणि काँग्रेस विहीर मुलांना चालत दाखवता येते. मराठी, कन्नड, कोंकणी, इंग्रजी अशा सगळ्या बोलीची माणसं तिथं संध्याकाळी फिरताना भेटतात. भाडं जास्त म्हणता, तर खोली कमी घ्या. अनगोळ, हिंदवाडी, भाग्यनगर या लगतच्या भागांत जुन्या घरांचे वरचे मजले बघा. यांना उद्यमबागेत जायला तिसरं रेल्वे गेट ओलांडलं की झालं. दोन मोठ्या खोल्या आणि चाळीस मिनिटांची बस, यापेक्षा दोन लहान खोल्या आणि पंधरा मिनिटांचं चालणं मुलाच्या अंगी लागतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. त्या पंधरा मिनिटांत पोरं जे बोलतात ते घरी आल्यावर बोलत नाहीत.

आता कन्नड, ज्याची तुम्हाला खरी धास्ती आहे. नियम असा : २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत, कुठल्याही बोर्डाच्या असोत, कन्नड भाषा शिकवावीच लागते, पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून; ते २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झालं. माध्यम मात्र तुमच्या हातात आहे. प्राथमिक शाळांवर मातृभाषेचं किंवा कन्नडचं माध्यम सरकारला लादता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ मे २०१४ ला दिला. आणि अल्पभाषक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी, हे राज्यघटनेच्या ३५० अ कलमात लिहिलेलं आहे. राज्य बोर्डाच्या दहावीला पहिली भाषा म्हणून मराठी घेता येते. म्हणजे मराठी सोडावी लागेल ही भीती काढून टाका. ती आपणहून सोडली जाते. इंग्रजी शाळा, घरी मोबाइल, आणि आईबाप ‘आता कशाला’ म्हणून मराठी वाचायला लावत नाहीत. सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून या शहरात आहे, तिथं मुलीचं नाव पहिल्याच महिन्यात घाला.

बुजऱ्या मुलीला कन्नड कसं यायचं? लिपीनं घाबरवू नका. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे : अ आ इ ई, क ख ग घ. फक्त ‘ए’ आणि ‘ओ’ प्रत्येकी दोन, एक ऱ्हस्व, एक दीर्घ. आणि आपला ‘ळ’ तिथं थाटात बसलेला आहे. तिला सांगा, तू रोज कन्नड बोलतेसच : अक्का, अण्णा म्हणतेस, तूप खातेस ते त्यांचं ‘तुप्प’, खिडकी ही ‘किटकि’, आणि आजी चष्मा ‘हुडकते’ ते त्यांचं ‘हुडुकु’. मी शाळेत नव्या मुलांना असे शब्द हुडकायला लावायची. आठवड्यात वहीचं पान भरायचं. मे महिन्यात शिकवणी लावू नका. गल्लीत लगोरी मांडली जाते तिथं रोज तासभर सोडा. ‘बा इल्ली’ आणि ‘हिडी, हिडी’ हे शब्द कुठल्याही बाईंपेक्षा लगोरी लवकर शिकवते. माझा मुलगा अक्कांच्या पायरीवर शिकला. पुढं धारवाडला कॉलेजात गेला तेव्हा त्याचं कन्नड ऐकून वसतिगृहातल्या मुलांना तो बागलकोटकडचा वाटायचा.

शाळा बघायला जाल ती प्रवेश-दिवशी नको. शाळा सुरू असताना जा. मे महिन्यात येणार म्हणता, तर त्याआधी मार्चमध्ये दोन दिवस काढून या. एक दिवस सकाळी भरताना आणि दुसरा दिवस सुटताना समोरच्या फुटपाथवर अर्धा तास बसा. कॅम्पात तर बसाच. शाळा तिथं नामवंत आहेत, सगळ्या धर्मांची पोरं एका बाकावर असतात, पण एका वेळी सुटतात आणि त्याच रस्त्यानं ट्रकही जातात. फाटकाशी कोण उभं असतं? रस्ता ओलांडून द्यायला कुणी आहे का? एका रिक्षात किती पोरं कोंबली ती मोजा. उशिरा आलेल्या मुलाशी शिपाईमामा कसे बोलतात ते ऐका. आत गेल्यावर मुलींचं स्वच्छतागृह दाखवा म्हणा, आणि नळ सोडून बघा. दाखवायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं असं समजा. कायम शिक्षक किती आणि दरवर्षी बदलणारे किती, हेही विचारा. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीत (शाळेच्या विकास आणि देखरेख समितीत) पालक कोण आहेत, त्यातल्या एकाला गाठून बोला. आमच्या सरकारी मराठी शाळांत आज जागा भरल्या जात नाहीत, अतिथी शिक्षकांवर वर्ष ढकललं जातं, हे मला लिहिताना त्रास होतो. पण काही शाळांत एकेक बाई, एकेक गुरुजी असे आहेत की त्यांच्या वर्गासाठी घर बदलावं. अशांची नावं गल्लीत ठाऊक असतात.

आणखी एक प्रश्न विचारा : मधल्या सुट्टीत मुलं कुठल्या भाषेत बोलतात? माझ्या नातीला एका मोठ्या शाळेत मैदानावर मराठीत बोलली म्हणून पाच रुपये दंड झाला. ती दुसरीत होती. दंडाचं काही नाही, पण त्या दिवसापासून ती घरीही दबक्या आवाजात बोलायला लागली. आम्ही वर्षअखेरीला तिला तिथून काढलं. तुमची मुलगी बुजरी आहे, म्हणून हा प्रश्न सगळ्यांत आधी. ‘आमच्याकडं मैदानावर कुठलीही भाषा चालते’ असं जिथं मुख्याध्यापिका सहज म्हणतील, तिथं तिचं चांगलं होईल.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. इथं हायस्कूल आठवीपासून धरतात आणि पुष्कळ प्राथमिक शाळा सातवीला संपतात. मुलगी चौथीत आहे, म्हणजे चार वर्षांत पुन्हा शाळा शोधायची वेळ येईल. घर घेताना चालण्याच्या अंतरात एक हायस्कूलही आहे का, हे आत्ताच बघून ठेवा. मुलींना आणि बायकांना राज्याच्या साध्या बसमधून जून २०२३ पासून प्रवास फुकट आहे, त्यामुळे अंतर थोडं वाढलं तरी खिशाला झळ नाही. पण गर्दीच्या बसमध्ये दप्तरासकट चढणं दहा वर्षांच्या मुलीला जमतं का, ते तिच्याबरोबर एकदा जाऊन बघा. अडीअडचणीसाठी ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन नंबर दोघांनाही पाठ करून घ्या.

तर मी काय करीन? विकत काहीही घेणार नाही. अनगोळ किंवा हिंदवाडीत अकरा महिन्यांच्या करारावर वरचा मजला घेईन, आधी शाळा ठरवून मग घर. सासऱ्यांकडं रविवारी शहापुरात जेवायला जाईन; मुलांना माग बघायला मिळेल. एक पावसाळा, एक गणपती, एक शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक आणि एक १ नोव्हेंबर त्या गल्लीत काढीन. त्या दिवशी एकीकडं कर्नाटक स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं मराठी भाषकांची काळ्या दिनाची निषेध फेरी. त्या संध्याकाळी शेजारीपाजारी एकमेकांशी कसे बोलतात ते कळलं की मग घर विकत घ्यायचं की नाही ते ठरवा.

प्रश्न : नातू निपाणीत सातवीला आहे. मुलगा म्हणतो त्याला आठवीपासून कागलला घालू, दहावी महाराष्ट्र बोर्डाची होईल आणि पुढं कोल्हापूर-पुण्याला प्रवेश सोपा जाईल. बारावी परत इथं करील. मला रोजचा हमरस्त्याचा प्रवास नको वाटतो. तुमचं मत?
– आजोबा, निपाणी

उत्तर : तुमची बाजू बरोबर आहे, आणि कारण प्रवासापुरतं नाही. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात एक खास तरतूद आहे : विवादित सीमाभागातल्या शाळा-कॉलेजांतून दहावी आणि बारावी दोन्ही उत्तीर्ण झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना महाराष्ट्राचे उमेदवार धरतात. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत निपाणी आहे. दोन्ही परीक्षा इथं दिल्या तर त्याला हे दार उघडं राहतं. दोन्ही महाराष्ट्रात दिल्या तर तिथल्या मुलांसारखा तो अर्ज करील, पण अधिवास किंवा जन्म तिथला असावा लागतो. दहावी कागलला आणि बारावी निपाणीत, म्हणजे तो दोन्हींच्या मधे अडकेल. कर्नाटकच्या सीईटीला पहिली ते बारावीत मिळून सात वर्षं इथल्या शाळेत शिकलेली हवीत आणि दहावी किंवा बारावी यांतली एक तरी इथली हवी. ते त्याचं होऊन जाईल. म्हणून त्याला निपाणीतच राहू द्या, मराठी पहिली भाषा ठेवा, कन्नड नीट शिकू द्या, म्हणजे दोन्ही राज्यांकडं अर्ज करता येईल. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा अर्जाच्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाला स्वतः वाचायला लावा. मातृभाषा मराठी असल्याची नोंद शाळेच्या दाखल्यावर आहे का, हे मात्र या आठवड्यातच बघून घ्या. नसेल तर मुख्याध्यापकांना आत्ताच अर्ज द्या. दहावीनंतर ती दुरुस्ती करायला मी लोकांना महिनोन्महिने हेलपाटे घालताना पाहिलं आहे.